घरच्या सोलरवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या घरगुती वीजग्राहकांसाठी आहेत. महावितरण, बेस्ट, टाटा पॉवर, अदानी यांपैकी वीज कोणाचीही असो, सोलर आणि नेट मीटरचे नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचेच लागू होतात. गोव्यात संयुक्त वीज नियामक आयोगाचे वेगळे नियम आहेत. तिथे हिशोबाचे भाग बदलतील, वायरिंगचे नाहीत.

पॅनेलची वीज थेट गाडीत जाते का?

नाही, आणि जायची गरजही नसते. पॅनेल डीसी वीज बनवतं, इन्व्हर्टर तिची एसी करून घराच्या बोर्डात सोडतो. त्या क्षणी घरात जे चालू असेल ते ती वीज वापरतं, उरलेली नेट मीटरमधून बाहेर लाइनवर जाते. रात्री गाडी लावली की तेवढीच वीज लाइनवरून परत येते. मीटर दोन्ही मोजतो आणि बिलात वजाबाकी होते.

म्हणून 'सोलरवर गाडी' या गोष्टीचे दोन वेगळे हिशोब करावे लागतात. किती पॅनेल लावायचे, हा वर्षभराच्या युनिटांचा हिशोब. कुठली वायर, कुठला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग कसं, हा ॲम्पिअरचा हिशोब. बहुतेक लोक पहिल्यावर महिनाभर डोकं खपवतात आणि दुसरा इलेक्ट्रिशियनवर सोडून देतात. पुढे त्रास या दुसऱ्या हिशोबाचाच होतो.

इन्व्हर्टर वगळून पॅनेलवरून सरळ गाडीच्या फास्ट चार्जिंगच्या पिनांना वीज देता येईल का?

नाही. त्या पिनांना वीज देण्याआधी चार्जर आणि गाडी यांच्यात बोलणं व्हावं लागतं: किती व्होल्ट, किती ॲम्पिअर, इन्सुलेशन ठीक आहे का. ते झाल्याशिवाय गाडी आतले कॉन्टॅक्टर (बॅटरीला वीज जोडणारे स्विच) जोडतच नाही. कोणी 'डायरेक्ट जुगाड' करून देतो म्हणाला तर त्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका.

गाडीसाठी किती किलोवॅट जास्तीचे लावायचे?

आधी गाडी किती खाते ते बघा. छोटी किंवा मध्यम गाडी शहरात एसी लावून बॅटरीच्या एका युनिटला साधारण ७ ते ८ किमी जाते, महामार्गावर १०० च्या वेगाने ५ ते ६. सॉकेटमधून घेतलेल्या विजेपैकी १० ते १५ टक्के चार्जिंगमध्येच उष्णता होऊन जाते. म्हणून मीटरवरचा हिशोब युनिटला साडेसहा किमी धरावा.

महिन्याला १,००० किमी म्हणजे सुमारे १५५ युनिट. महाराष्ट्रात १ किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट देतं. १५५ भागिले १२० म्हणजे १.३ किलोवॅट. थोडी धूळ, थोडी सावली धरून दीड किलोवॅट लावा. ५४० वॅटचे तीन पॅनेल झाले.

घराचा स्वतःचा वापर महिन्याला २०० युनिट असेल तर त्याला आणखी १.७ किलोवॅट. दोन्ही मिळून ३ ते सव्वातीन, म्हणजे ५४० वॅटचे सहा पॅनेल. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं जास्तीत जास्त अनुदानही ३ किलोवॅटलाच मिळतं, त्यामुळे बहुतेक एक-गाडी घरांचं गणित इथेच येऊन थांबतं.

नुसती स्कूटर असेल तर हा प्रश्न सोडून द्या. तिची बॅटरी साधारण ३ युनिटांची. रोज पूर्ण चार्ज केली तरी एका किलोवॅटमध्ये भागतं.

पावसाळ्यात काय?

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आणि घाटमाथ्यावर दिवसच्या दिवस किलोवॅटला दीड-दोन युनिट मिळतात, कधी त्याहूनही कमी. गाडीचा वापर मात्र तेवढाच राहतो. इथे नेट मीटरचं वार्षिक चक्र कामाला येतं. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि एप्रिल-मे हे भरघोस उत्पादनाचे महिने. तेव्हा शिल्लक राहिलेले युनिट बिलात पुढे सरकतात आणि पावसाळ्यात वापरले जातात.

उलट बाजू जानेवारी ते मार्चची. ३१ मार्चला उरलेले युनिट पुढच्या वर्षात जात नाहीत. ते वीज कंपनी विकत घेते, पण तुम्ही ज्या दराने वीज घेता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर लावून 'वीज विकून कमावू' हा बेत घरगुती ग्राहकाला परवडत नाही. फेब्रुवारीच्या बिलावर शिल्लक मोठी दिसली तर मार्चमध्ये बाहेर फास्ट चार्जिंग टाळून सगळं चार्जिंग घरीच करा.

उन्हाळ्यात तर सगळ्यात जास्त वीज मिळत असेल ना?

वाटतं तितकी नाही. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. नागपूर-अकोल्यात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनेलचा पृष्ठभाग ६५ च्या पुढे जातो, म्हणजे सुमारे १५ टक्के कपात. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळायला जागा ठेवावी.

दिवसा गाडी ऑफिसला असते. मग सोलरचा काय उपयोग?

नेट मीटर असेल आणि साधा घरगुती दर असेल तर दुपारी चार्ज करा की मध्यरात्री, बिलात फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, तुमच्या मीटरवर वेळेनुसार दर लागत असतील तर. टीओडी मीटर (वेळेनुसार वापर मोजणारा) असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत आहे. बिलावर वेळेचे रकाने छापलेले असतील तर ते वाचा. दोन, तुम्ही नेट मीटरिंगऐवजी नेट बिलिंग घेतलं असेल, म्हणजे बाहेर जाणाऱ्या युनिटांना वेगळा, कमी दर मिळत असेल तर. अशा वेळी शनिवार-रविवारी भर दुपारी गाडी लावणं फायद्याचं.

ऊन असेल तेवढीच वीज घेणारे 'स्मार्ट सोलर चार्जर' घ्यावेत का?

साध्या नेट मीटरवाल्या घराला नको, पैसे वाया जातात. हे चार्जर मुख्य वायरीवर बसवलेल्या सीटी क्लॅम्पने (करंट मोजणाऱ्या चिमट्याने) बाहेर जाणारी वीज मोजतात आणि गाडीचा करंट तेवढाच ठेवतात. पण चार्जिंगच्या ठरलेल्या मानकानुसार गाडीला ६ ॲम्पिअरच्या खाली चार्ज करता येत नाही. सिंगल फेजवर ६ ॲम्पिअर म्हणजे १.४ किलोवॅट. थ्री फेज चार्जिंगला तोच आकडा ४.१ किलोवॅट. ३ किलोवॅटच्या सोलरवर ढगाळ दिवशी असा चार्जर सारखा चालू-बंद होत राहतो. नेट बिलिंग किंवा बॅटरीवाल्या घरांपुरतेच ते ठीक.

१५ ॲम्पिअरचा पॉइंट पुरेल की ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर लागेल?

आमचं स्पष्ट मत: दहांतल्या आठ घरांना १५ ॲम्पिअरचा पॉइंट पुरतो. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर ढोबळमानाने ३ किलोवॅट घेतो. रात्री ९ ते सकाळी ७ या दहा तासांत ३० युनिट, त्यातले २६ बॅटरीत पोचतात, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किमी. रोज ४० किमी चालणाऱ्या गाडीला दोन तास लागतात.

७.२ चा चार्जर ३२ ॲम्पिअर खेचतो. त्याला मंजूर भार वाढवावा लागतो, बहुतेकदा थ्री फेज घ्यावं लागतं, जाड वायर ओढावी लागते. शिवाय गाडीच्या आतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर काहीही टांगा, गाडी ३.३ च घेणार. काही गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये असंच असतं. बुकिंगच्या वेळी हे विचारून घ्या. रोज शंभर-सव्वाशे किमी फिरणाऱ्यांना किंवा घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असणाऱ्यांना ७.२ चा चार्जर हवा.

वायर, एमसीबी, सॉकेट नेमकं काय घ्यायचं?

१५ ॲम्पिअरच्या पॉइंटसाठी: मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअरची (४ चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर, २० ॲम्पिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, ३० मिलिॲम्पिअरचा टाइप ए आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). गीझरच्या किंवा वॉशिंग मशीनच्या लाइनवरून फाटा काढायचा नाही.

७.२ किलोवॅटसाठी: ४० ॲम्पिअरचा एमसीबी. मीटरपासून चार्जरपर्यंत १५ मीटरच्या आत असेल तर ६ स्क्वेअर, त्याहून लांब असेल तर १० स्क्वेअर. हे का, ते ३० मीटरच्या लाइनवर बघा. ३२ ॲम्पिअर चालू असताना ४ स्क्वेअरमध्ये सुमारे ९ व्होल्ट गळतात, ६ मध्ये ६, १० मध्ये साडेतीन. गळलेले व्होल्ट म्हणजे वायरीत झालेली उष्णता, आणि ती तासन्‌तास चालते. चार्जरमध्ये ६ मिलिॲम्पिअर डीसी गळती ओळखणारी सोय आहे का ते माहितीपत्रकात बघा. असेल तर टाइप ए आरसीसीबी चालतो, नसेल तर महागडा टाइप बी लागतो. एसी टाइपचा स्वस्त आरसीसीबी इथे उपयोगाचा नाही, कारण डीसी गळतीने तो आंधळा होतो.

आता सॉकेट. सगळ्यात जास्त जळणारी वस्तू हीच. गीझर वीस मिनिटं चालतो, मिक्सर दोन मिनिटं. गाडी मात्र सहा-सहा तास सलग १२-१३ ॲम्पिअर ओढते. आतली पितळी पट्टी थोडी जरी सैल असेल तरी त्या जागी उष्णता साठते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग पिनेभोवती तपकिरी कडा दिसते, शेवटी पिन सॉकेटमध्येच चिकटते. निळ्या रंगाचं, गोल, तीन पिनांचं १६ ॲम्पिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट लावलं तर हा धोका खूप कमी होतो. मात्र पोर्टेबल चार्जरची पिन त्याला बसत नाही. कंपनीची पिन कापली तर वॉरंटीचा प्रश्न येतो, म्हणून सेवा केंद्रात विचारूनच बदला. साधंच सॉकेट ठेवायचं असेल तर चांगल्या कंपनीचं १६ ॲम्पिअरचं घ्या, वर्षातून एकदा स्क्रू आवळून घ्या, आणि नवीन पॉइंटवर पहिल्यांदा चार्ज करताना तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्याच परिस्थितीत नाही.

चार्जरवर लाल दिवा लागतो, 'अर्थ फॉल्ट' दाखवतो. घरातलं बाकी सगळं तर नीट चालतं!

कारण फ्रिज, टीव्ही, गीझर अर्थिंग तपासत नाहीत. गाडीचा चार्जर तपासतो आणि नसेल तर वीज घेत नाही. घराचं अर्थिंग किती वर्षं कागदावरच होतं हे पुष्कळांना गाडी आल्यावर कळतं.

इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने सॉकेटवर तीन मोजमापं घ्या. फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १०० किंवा ४० असं काहीतरी आलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे. न्यूट्रल-अर्थ ८-१० आलं तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा अर्थिंग कमजोर. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील तरी काही चार्जर अडतात. सॉकेटकडे तोंड करून, अर्थचं मोठं भोक वर धरलं तर फेज उजवीकडे हवा.

खडकाळ जमिनीत, मग तो कोकणातला कातळ असो की मराठवाड्यातला मुरूम, मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिलपर्यंत कोरडा ठणठणीत होतो. तिथे केमिकल अर्थिंग (ओलावा धरून ठेवणारं रसायन भरलेलं) घ्या आणि खड्ड्याचा रोध ५ ओहमच्या आत आहे हे मोजून दाखवायला सांगा. सोलरवाले तीन खड्डे करतात: डीसी, एसी आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा). वीजरोधकाच्या खड्ड्यावरून गाडीच्या सॉकेटला अर्थ घ्यायचा नाही.

लाइट गेल्यावर ऊन असूनही सोलर बंद पडतं. मग गाडी कशी चार्ज होणार?

होणार नाही. लाइन बंद असताना सोलरने वीज सोडली तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. म्हणून लाइनशी जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच आपोआप थांबतो. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर घराचा काही भाग चालू राहतो, पण त्याची बॅकअपची क्षमता बहुधा ३ ते ५ किलोवॅट असते. त्यावर गाडी लावली की घर बंद पडतं. शिवाय बॅकअपवर गेल्यावर न्यूट्रल अर्थपासून सुटा होतो आणि चार्जर पुन्हा 'अर्थ फॉल्ट' दाखवतो. तोच दोष जुन्या घरगुती इन्व्हर्टरवरही येतो.

दिवसाची वीज घरच्या बॅटरीत साठवून रात्री गाडीत भरायची, ही कल्पना नेट मीटर असलेल्या घरात आतबट्ट्याची. दोनदा घट होते आणि ५ युनिटांच्या बॅटरीतून गाडी तीस किमीच जाते. लाइट जाणार असं वाटत असेल तर गाडीच आदल्या दिवशी भरून ठेवा.

दुपारी इन्व्हर्टर मध्येच बंद होतो, 'ओव्हर व्होल्टेज' दाखवतो. गाडीचा संबंध आहे का?

आहे, पण चांगल्या अर्थाने. एका ट्रान्सफॉर्मरवर बरीच घरं सोलरवाली झाली की भर दुपारी सगळे वीज बाहेर ढकलतात, लाइनचं व्होल्टेज २५०-२६० वर चढतं आणि इन्व्हर्टर सुरक्षेसाठी थांबतो. तेवढे युनिट बुडतात. त्याच वेळी गाडी ३ किलोवॅट घेत असेल तर तुमच्या टोकाचं व्होल्टेज खाली येतं आणि इन्व्हर्टर टिकतो. रोजच होत असेल तर ॲपमधले आकडे वेळेसह छापून वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या. इन्व्हर्टर ते मीटर ही वायर बारीक असेल तरी हाच दोष दिसतो, तो आधी तपासा.

अर्ज, अनुदान, मंजूर भार यांचं काय?

पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करायचा. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. एकूण कमाल ७८,०००. पाच किलोवॅट लावलं तरी तेवढंच. भारतात बनलेल्या सेलचे पॅनेल असले तरच ते मिळतं, स्वस्त आयात सेलवाल्या पॅनेलला नाही. कोटेशनवर 'डीसीआर' (म्हणजे हीच देशी सेलची अट) लिहून घ्या.

२०२४ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या सोलर अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, आणि त्यासाठी मंजूर भार वाढवायचा असल्यास तो कंपनीने वाढवायचा. हे सोलरपुरतं झालं. गाडीसाठी लागणारा भार वेगळा मोजा. गीझर २, दीड टनाचा एसी दीड, गाडी ३: एकाच वेळी लागले तर साडेसहा किलोवॅट, सिंगल फेजवर २८ ॲम्पिअर. ३२ चा मुख्य एमसीबी काठावर येतो. गाडीच्या ॲपमध्ये चार्जिंग रात्री १२ नंतरचं ठेवलं तर बहुतेकांना भार वाढवावाच लागत नाही.

स्वतःची गाडी घरच्या मीटरवर, घरगुती दराने चार्ज करायला परवानगी आहे. सोलर नसेल तर मात्र १५० युनिट वाढले की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. गाडीमुळे सोलर लवकर वसूल होतं, त्यामागे हेच कारण. सोलर लावल्यावरही स्थिर आकार भरावाच लागतो, बिल शून्य होत नाही.

थ्री फेज सोलर आहे, गाडी एकाच फेजवर. नुकसान होतं का?

नाही. नेट मीटर साधारणतः तिन्ही फेजांची बेरीज करून मोजतो. गाडी एअर कंडिशनरच्या फेजवर येणार नाही एवढं बघा.

फ्लॅटमध्ये राहतो. गच्ची सोसायटीची, पार्किंग तळमजल्यावर.

इथे दोन गोष्टी सुट्या करा. चार्जिंगसाठी मीटर रूममध्ये तुमच्या मीटरच्या पुढे वेगळा एमसीबी लावून पार्किंगपर्यंत आर्मर्ड (धातूच्या आवरणाची) केबल ओढता येते. अंतर बहुधा ४०-५० मीटर निघतं, म्हणून १५ ॲम्पिअरच्या पॉइंटलाही ६ स्क्वेअर घ्या. हे नको असेल तर त्याच २०२४ च्या दुरुस्तीनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. सॉकेट कुलूपबंद पेटीत, जमिनीपासून किमान तीन-साडेतीन फूट वर बसवा. तळघरात पाणी शिरत असेल तर आणखी वर.

सोलरसाठी सोसायटीच्या सामाईक मीटरवर लावणं सोपं. त्याला किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे आणि सामाईक गाडी चार्जिंगही त्यात धरलेलं आहे. लिफ्ट, पंप, दिवे आणि चार्जिंग पॉइंट त्या मीटरवर, प्रत्येक पॉइंटला सब-मीटर, आणि युनिटचा दर सर्वसाधारण सभेत ठरवलेला. दर आधी ठरला नाही तर पुढची प्रत्येक सभा त्यावरच जाते.

पॅनेल गाडीच्या शेडवर बसवले तर?

चालतं. ५४० वॅटचा पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद. एका गाडीच्या जागेवर चार, फार तर पाच बसतात, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलोवॅट. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. शेजारच्या नारळाची सावली दुपारी कुठे पडते ते डिसेंबरच्या हिशोबाने बघा, कारण तेव्हा सूर्य खाली असतो. किनाऱ्यावर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) सांगाडाच घ्या. नुसता रंग दिलेलं लोखंड खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत फुगतं.

आधीच २ किलोवॅट आहे, गाडीसाठी वाढवायचं. नवे पॅनेल जुन्यांना जोडता येतात?

एकाच माळेत नाही. जुने ३३५ वॅटचे आणि नवे ५४० चे मालिकेत जोडले तर कमी करंटवाल्या पॅनेलएवढाच करंट सगळ्यांतून जातो, म्हणजे नव्यांचे पैसे वाया. इन्व्हर्टरला दुसरा एमपीपीटी (वेगळ्या माळेसाठीचा स्वतंत्र इनपुट) मोकळा असेल तर नव्यांची माळ तिथे जोडा, नसेल तर वेगळा छोटा इन्व्हर्टर घ्या. आणि वाढीव क्षमता वीज कंपनीला कळवून मंजूर करून घेतल्याशिवाय चालू करू नका.

धुणं-पुसणं आणि वादळ?

धुळीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी, पहाटे किंवा संध्याकाळी, पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, त्यामुळे नंतर वायपर फिरवा. पक्ष्यांची विष्ठा लगेच काढा, कारण तेवढाच सेल झाकला गेला की तो तापतो. वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील तर गाडीचा प्लग काढून ठेवा. बोर्डात टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेलं व्होल्टेज झेलणारा) लावला असेल तर त्याची छोटी खिडकी हिरवी आहे ना, हे पावसाळ्याआधी बघा. लाल झाली असेल तर आतलं कार्ट्रिज बदलायचं.